पतंगेबाईंचा अर्धा तास

पतंगेबाईंनी आयुष्यात न वाचता कशालाही ‘मान्य’ म्हटलं नाही. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद, कुकरबरोबर आलेली पुस्तिका, बँकेच्या अर्जाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला मजकूर, हे सगळं त्या चष्मा पुसून, ओळीवर बोट ठेवून वाचायच्या. मागं रांग लागली, रांगेतली माणसं खाकरायला लागली, तरी ते बोट आपल्याच चालीनं सरकायचं. कोणी फारच चुळबुळ केली तर मागं वळून म्हणायच्या, “तुमी बी वाचत जा जरा. खाली सही तुमचीच ऱ्हाती.”

ही खोड लग्नाआधीपासूनची. त्यांच्या लग्नाच्या याद्या चालल्या होत्या. दोन्हीकडची जाणती मंडळी बैठकीत बसून मानपानाचं ठरवून कागदावर उतरवत होती. तेवढ्यात नवरी मुलगी आतून बाहेर आली आणि तिनं तो कागद वाचायला मागितला.  बाईंनी उभ्या उभ्या कागद वाचला आणि म्हणाल्या, “यात माझ्या मास्तरणीच्या नोकरीचं काहीच न्हाई. मुलगी शाळा सोडणार न्हाई, एवढं लिहा, मग पुढं चालू द्या.” सासरे हसले आणि त्यांनी ते लिहिलं. बाई ही हकिकत रंगवून सांगायच्या आणि शेवटी न चुकता म्हणायच्या, “तोंडी ऱ्हायलं असतं तर पहिल्याच दिवाळीला शाळा सुटली असती.”

मी कुरुंद्याच्या शाळेत नवी मास्तरीण म्हणून आले तेव्हा बाई मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्याच घराला लागून मला भाड्याची खोली मिळाली, म्हणजे शाळेत त्या आणि घरी भिंतीपलीकडे पुन्हा त्याच. मला सुटका अशी नव्हतीच. एकदा मतदानाच्या ड्यूटीवर आम्ही दोघी एकाच केंद्रावर होतो. बाईंनी सूचनांची पुस्तिका आदल्या दिवशी वाचून काढलेली. गावकऱ्यांचा पाहुणचार घ्यायचा नाही, असं तिच्यात होतं. सकाळी गावातून गरम पोह्यांचं पातेलं आलं, वर लिंबू, कोथिंबीर, शेव. सगळ्या कर्मचाऱ्यांच्या जिभेला पाणी सुटलं. बाईंनी पातेलं दारातूनच परत पाठवलं आणि पिशवीतून आदल्या दिवशीच्या दशम्या काढून आम्हाला एकेक वाटली. त्या पोह्यांचा वास मला अजून येतो. बाईंवरचा माझा पहिला राग त्या दिवसाचा आहे.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा मुलानं, सुहासनं, त्यांना आपला जुना लॅपटॉप दिला. सुहास पुण्यात कंपनीत नोकरीला. बाईंचे यजमान पूर्वीच गेलेले, त्यामुळे घरात एकट्याच. फोन त्यांच्याकडे बटनांचाच होता, काचेच्या फोनवर त्यांचा विश्वास नव्हता. रोज रात्री जेवणं झाली की लॅपटॉपवर एकमेकांची तोंडं बघायची, असं मायलेकरांचं ठरलं. पण लॅपटॉप सुरू होण्याआधी अटी आणि शर्तींचं लांबलचक पान आलं, इंग्रजीत. बाईंनी शब्दकोश काढला. आठवडाभर त्या ते पान वाचत होत्या.

“आई, सगळे नुसतं ॲग्री दाबतात,” सुहास फोनवर म्हणाला.

“दाबतात म्हणूनच तर कंपन्या असं लिहून राहिल्या.”

एक कलम त्यांना अजिबात पटलं नाही. पण भांडायला समोर माणूस नव्हता. शेवटी नाइलाजानं त्यांनी ॲग्री दाबलं, आणि दाबताना मला साक्षीला बसवून मोठ्यानं म्हणाल्या, “हरकत नोंदवून.”

यंत्रांशी त्या वर्गातल्या मुलांशी बोलावं तसं बोलायच्या. मिक्सर कुरकुरला की, “काय झालं रे, सांग की नीट.” पंखा हळू फिरला की, “जेवला न्हाईस का?” लॅपटॉप तर पहिल्या बाकावरचा. त्याला थंडीवाऱ्याचा त्रास नको म्हणून गोधडीच्या चौघडीवर ठेवायच्या आणि वरून भरतकामाचा रुमाल. दसऱ्याला पाटीपुस्तकांच्या पूजेत त्याचा नंबर पहिला. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. मी म्हणाले, “बाई, यंत्राला हळद कशाला?” तर म्हणाल्या, “हळदीच्या गावात ऱ्हातो आन् हळदीला काहून नाक मुरडती?”

त्या वर्षी दिवाळीला सुहास एकटाच आला. कामाचा व्याप, सून रश्मी तिकडेच राहिली, असं म्हणाला. चांगले दोनचार दिवस घरात बसून त्यानं लॅपटॉप उघडला, जुनी फिरणारी डिस्क काढून टाकली आणि तिच्या जागी एसएसडी बसवली. एसएसडी म्हणजे एक पातळ पट्टी, सगळा साठा तिच्यात, फिरणारं काही नाही. लॅपटॉप खरंच पळायला लागला. सुहास जाताना म्हणाला, “आई, आता याच्याकडं बघायचं काम नाही.”

आणि संक्रांतीच्या सुमाराला तो लॅपटॉप अडायला लागला.

अडायचा म्हणजे, बोलता बोलता पडद्यावरचं सगळं जागच्या जागी थांबायचं. आवाज नाही, हालचाल नाही. मोजून तोंडातला घास संपेल एवढा वेळ तसंच, मग एकदम सुरू. बाईंना वाटायचं, पुण्याचं नेट खराब. पुण्याला मात्र दिसायच्या बाई. वाक्याच्या मध्येच थांबलेल्या, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, हात हवेत. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायचं ते उशिरा. सुहास घाबरला. लॅपटॉपमध्ये दोष असेल हे त्याच्या मनातही आलं नाही, कारण त्यात त्यानं स्वतःच्या हातानं नवी एसएसडी बसवली होती. लॅपटॉप पळतोय म्हटल्यावर थांबतंय कोण, तर आई.

एके रात्री रश्मीनं विचारलं, “आई, आज वार कोणता हो?”

बाईंनी वार सांगितला, आणि घरात कालनिर्णयासारखं काहीतरी लावून ठेव, असा सल्लाही दिला. दुसऱ्या दिवशी रश्मीनं विचारलं, सकाळी काय खाल्लं. मग गावाचं नाव, तालुक्याचं नाव. बाई मला म्हणाल्या, “सूनबाईचं डोकं ठिकाणावर न्हाई का गं? माझंच सासर मला इच्यारून राहिली.” मग एका रात्री सुहास म्हणाला, “आई, शंभरातून सात वजा कर. मग परत सात. करत जा.” मी तिथंच बसले होते. बाईंनी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असं धडाधडा दोनपर्यंत आणून सोडलं. चाळीस वर्षं हेच करवून घेतलेलं. पण पडदा मध्येच थिजला होता. पुण्याला बाई शहाऐंशीला थांबल्या आणि तोंड उघडं टाकून बसून राहिल्या.

पडदा सुटला तेव्हा सुहासचा आवाज बारीक झाला होता. म्हणाला, “आई, मी डॉक्टरांशी बोललोय. ते म्हणाले, विसरण्याच्या आजाराची अशीच सुरुवात होते. पाडव्याला मी येतो, तुला इकडं घेऊन येतो. घर बंद करून टाकू.”

बाईंनी लॅपटॉप मिटला.  मग म्हणाल्या, “मंगल, माझ्या पोरानं मला ढ ठरवलं गं.”

मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही त्या रडल्या नाहीत. पण हे घर, ओसरीवर सकाळी वाचायला येणारी गल्लीतली लेकरं, भाजीवाल्याशी रोजचं भांडण, हे सगळं पाडव्याला कुलूप लागून संपणार होतं, आणि तेही वेडी ठरून. त्यांना पुण्याचं वावडं नव्हतं. सामानासारखं उचलून नेलं जाण्याचं होतं. “लॅपटॉप अडतो,” असं त्यांनी सुहासला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तो इतक्या मायेनं “बरं आई” म्हणाला की तिसऱ्यांदा सांगायची त्यांची इच्छाच गेली.

मग बाईंनी लॅपटॉपची तपासणी काढली.

गल्लीत सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणालं व्हायरस, कोणी म्हणालं दृष्ट. वसमतच्या एका दुकानात नेला तर तिथला पोरगा म्हणाला, “सगळं पुसून टाकू, फरक पडतो का बघू.” बाईंनी लॅपटॉप काखोटीला मारला आणि परत आल्या. म्हणाल्या, “बघू म्हणणाऱ्या डॉक्टराकडं मी कधी गेली न्हाई.”

त्यांची स्वतःची पद्धत होती, वर्गातली. मागच्या बाकांवर गोंधळ झाला तर त्या सगळ्यांना झोडपत नसत. एकेकाला उठवून बाहेर उभं करायच्या. ज्याला उठवल्यावर गोंधळ थांबेल तो गुन्हेगार. “एका टायमाला एकच लेकरू उठवायचं. दोन उठवले की कळत न्हाई कोण करून राहिलं.” तसंच चालू झालं. आधी नेटची वायर काढली आणि नुसते फोटो उघडून पाहिले. तरी अडला. म्हणजे नेट निर्दोष, त्याला जागेवर बसवलं. मग एकेक प्रोग्रॅम बंद केला. अडला. मग गोधडी उठवली, रुमाल उठवला. गोधडीखालची जागा तव्यासारखी तापली होती. उलटा करून पाहिला तर हवा जायच्या जाळीत पिवळाधमक भुगा. थोडा दसऱ्याचा, बाकीचा हंगामाचा. आमच्याकडे त्या दिवसांत वाळलेली हळद मोठ्या ड्रममध्ये घालून मोटारीवर फिरवतात, पॉलिश करतात, आणि ती धूळ चहाच्या कपापासून देवाच्या टाकांपर्यंत सगळीकडे बसते. धूळ बसू नये म्हणून बाई लॅपटॉपला चालू असतानाच गुंडाळून ठेवत होत्या. बिचाऱ्याला श्वास घ्यायला जागाच नव्हती. मला हसू आवरेना.

“हास,” बाई म्हणाल्या, “तू नवी व्हतीस तवा तुला बी मी असंच गुंडाळून ठेवलं व्हतं. आता बघ कशी बोलून राहिली.”

ब्रशनं जाळी साफ झाली, गोधडीची जागा लाकडी पाटानं घेतली. आतल्या पंख्याचा घों घों आवाज थांबला, लॅपटॉप थंड राहायला लागला. पण अडणं काही थांबलं नाही. बाईंनी मग कोणतं यंत्र किती राबतंय ते दाखवणारं पान उघडलं. काहीही चालू नसताना डिस्कसमोर, म्हणजे सुहासनं बसवलेल्या पट्टीसमोर, आकडा होता शंभर टक्के. बाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. “काम शून्य आन् दमलाय शंभर टक्के. हा आहे आपला गडी.”

त्या पट्टीचा मॉडेल नंबर शोधून त्यांनी ती बनवणाऱ्या कंपनीची वेबसाईट उघडली, आणि तिथं त्यांना त्यांच्या आवडीची गोष्ट सापडली. सूचना. इंग्रजीतलं एक अख्खं पान. शब्दकोश पुन्हा निघाला. मी शाळेतून आल्यावर त्यांनी मला भिंतीवर थाप मारून बोलावलं. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर शाळेचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही पाहिला नव्हता.

“फर्मवेअर,” त्या म्हणाल्या. “या पट्टीच्या पोटात कंपनीनं आधीच लिहून ठेवलेलं असतं, तिनं कसं वागायचं ते. लिहिताना त्यांची चूक झाली. पट्टी भरत आली की ही मधीच थांबते, असं त्यांनीच कबूल केलंय. आता नवं लिहून दिलंय, ते आत भरायचं.” मग लॅपटॉपवरून हात फिरवत म्हणाल्या, “लेकराचा दोष न्हाई. मास्तरानं चुकीचं शिकवलं.”

पण त्याच पानावर खाली ठळक अक्षरांत इशारा होता. आधी सगळ्या साठ्याची प्रत काढून ठेवा. चार्जर लावलेला असू द्या. काम चालू असताना वीज जाता कामा नये, गेली तर पट्टी कायमची निकामी होऊ शकते. माझ्यासारखीनं ते वाचलंच नसतं. बाईंनी बोट ठेवून तीनदा वाचलं. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, तो विजेवरच जगायचा. घरात इन्व्हर्टर होता, पण वीज गेली की तो क्षणभर विचार करायचा, आणि तेवढ्यात लॅपटॉप बंद पडायचा. कुरुंद्यात, हळदीच्या हंगामात, वीज जाता कामा नये. मला तर हा इशारा चेष्टेसारखा वाटला.

बाई लाईनमनच्या घरी गेल्या. मला बरोबर घेतलं. गंगाधर लाईनमन त्यांचाच विद्यार्थी, दारात बाईंना बघून हातातली भाकरी ठेवून उभा राहिला.

“गंगाधर, उद्या सकाळी धा ते साडेधा लाईट जाऊ द्यायची न्हाई.”

“बाई, ते माझ्या हातात हाय का? वरून बंद होते.”

“वर कोण हाय?”

गंगाधरनं वर तारांकडे पाहिलं. वर कोण आहे हे त्याला तरी कुठं माहीत. मग काळजीनं विचारलं, “कोणाचं ऑपरेशन हाय का बाई?”

“व्हय,” बाई म्हणाल्या, “लॅपटॉपचं.”

वरचं काही सांगता येत नाही, पण इथली कोणतीही दुरुस्ती साडेदहाच्या आत काढणार नाही आणि आपण स्वतः सबस्टेशनवर बसून राहू, असं गंगाधरनं कबूल केलं. तिथून आम्ही समोरच्या नामदेवरावांकडे गेलो. त्यांच्या अंगणात हळदीचा ड्रम. त्याची मोटार सुरू झाली की गल्लीतले सगळे दिवे मिणमिणायचे, कधी कधी फ्यूजच उडायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी वसमतहून व्यापाऱ्याची गाडी येणार होती आणि अजून बराच माल पॉलिश व्हायचा होता.

“बाई, लेकराची परीक्षा हाय का काही?” नामदेवरावांनी विचारलं.

“माझी हाय,” बाई म्हणाल्या, आणि पुण्याची सगळी हकिकत त्यांनी नामदेवरावांना सरळ सांगून टाकली. मला आश्चर्य वाटलं, कारण घरातलं बाहेर सांगायची त्यांची सवय नव्हती. नामदेवराव ऐकत राहिले. मग म्हणाले, “अर्धा तास ड्रम बंद. गाडी थांबंल. काही तकलीफ न्हाई.”

दुसऱ्या दिवशी बाई न्हाऊन, इस्त्रीची साडी नेसून बसल्या. साठ्याची प्रत आदल्या दिवशीच काढून झाली होती. दहा वाजता समोरचा ड्रम थांबला आणि गल्लीत एकदम शांतता पसरली, इतकी की शेजारच्या कोंबड्या बावचळल्या. नामदेवराव आणि त्यांची चार माणसं, अंगभर पिवळी, बाईंच्या ओसरीवर येऊन बसली. मी शाळेतून रजा काढली होती, मला प्लगजवळ स्टूल देऊन बसवलं. कोणाचा पाय वायरीत अडकू नये ही माझी जबाबदारी. आत चहाचं आधण ठेवलेलं.

बाईंनी सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा वाचल्या, या वेळी मोठ्यानं, मराठीत, सगळ्यांना कळाव्यात म्हणून. माणसांनी माना डोलावल्या. मग त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. दहा टक्के. तीस टक्के. ओसरीवर कोणी खोकेना. सत्तरवर ती पट्टी थांबली. मी बाईंकडे पाहिलं तर त्या ओठ मिटून बसल्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग पट्टी पुढं सरकली, शंभर झाले, पडदा काळा झाला. काळाच राहिला. नामदेवरावांचा एक माणूस हळूच म्हणाला, “गेलं.” तेवढ्यात पडदा उजळला, लॅपटॉप सुरू झाला, आणि झालं. अख्खं काम तेवढंच. आतलं चहाचं आधण अजून उकळलंही नव्हतं.

“एवढंच?” नामदेवराव उठत म्हणाले. “मंग लावतो मोटार.”

“बसा,” बाई म्हणाल्या. “अर्धा तास सांगितलाय म्हंजी अर्धा तास. तिकडं गंगाधर बी बसून हाय.”

कोणाची टाप होती उठायची. सगळे बसले. बाईंनी फोटो उघडले, बंद केले, पुन्हा उघडले. डिस्कसमोरचा आकडा शून्याच्या आसपास. कुठं अडत नव्हता. चहा आला. बाईंचा चेहरा असा फुलला होता की त्या आता कोणाला तरी गणित घालतील अशी मला भीती वाटली. रात्रीपर्यंत थांबायचा त्यांना धीर निघेना. “लावतेच पोराला,” म्हणाल्या. कामाचा दिवस, सकाळची वेळ, सुहास ऑफिसात असणार, उचलणार नाही असं मी म्हणाले. पण त्यानं उचलला.

चित्र स्वच्छ, जणू खिडकीतून बघावं. सुहास बनियनवर होता, दाढी वाढलेली. ऑफिस नव्हतं ते, घरातलं स्वयंपाकघर होतं. मागं गॅसवर पातेलं.

“शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी,” बाई सुरू झाल्या ते दोनवर येऊनच थांबल्या. एकाही ठिकाणी अडलं नाही. ओसरीवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी एका दमात त्याला सगळं सांगितलं, फर्मवेअर, मास्तराची चूक, गोधडी, ड्रम. सुहास ऐकत होता. आधी त्याला हसू आलं. म्हणाला, “म्हणजे मी टाकलेल्या पट्टीचाच दोष होता? आई, तू ठणठणीत आहेस. राहा तिथंच. पाडव्याला नाही येत मी न्यायला.”

बाई जिंकल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा, विजयानं. मग पुन्हा पडद्याकडे बघत सहज म्हणाल्या, “आज घरी कसा काय तू?”

सुहास काही बोलला नाही. तसाच बसला. डोळे खाली, तोंड किंचित उघडं, हलेना.

“अडकलं वाटतं परत,” नामदेवराव म्हणाले.

बाई पडद्याकडे बघत होत्या. सुहासच्या मागं पातेल्यातलं दूध वर येत होतं. काठाशी आलं, फुगलं, आणि पातेल्यावरून ओघळायला लागलं. सुहास तरी हलला नाही.

“न्हाई,” बाई हळू म्हणाल्या, “अडकलं न्हाई.” मग आमच्याकडे न बघताच म्हणाल्या, “जा आता सगळे. मोटार लावा.”

अर्धा तास व्हायला अजून अवकाश होता. पण माणसं अर्धेच प्यालेले चहाचे कप ठेवून उठली. मीही बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. दार लागता लागता बाईंचा आवाज ऐकला, “आधी गॅस बंद कर बाळा. मग सांग.”

संध्याकाळी त्यांनीच मला सगळं सांगितलं. सुहासची नोकरी दिवाळीच्या आधीच गेली होती. दिवाळीला घरात बसून त्यानं लॅपटॉप उघडला तो त्यामुळंच, त्याला करायला दुसरं काही नव्हतं. रश्मी कामाला जायची, हा दिवसभर घरात एकटा. आईला सांगायची लाज. आईनं तिकडं यावं, घरात कोणीतरी बोलायला असावं असं त्याला फार वाटत होतं, पण ते मागायचं कसं? आईला सांभाळायला आणतोय, असं म्हणणं सोपं होतं. आई थांबत थांबत बोलायला लागली तेव्हा त्याला भीतीही वाटली आणि कारणही मिळालं.

“मी माझाच पेपर सोडवून राहिले गं,” बाई म्हणाल्या. “पोराकडं बघायला सवडच झाली न्हाई. चेहरा बघ कसा झालाय त्याचा.” इतकं बोलून त्यांनी डोळ्याला पदर लावला.  मी नुसती त्यांच्याजवळ बसून राहिले.

पाडव्याची त्यांनी वाटच पाहिली नाही. दोन दिवसांत बांधाबांध झाली, ओसरीवरच्या लेकरांना त्यांनी माझ्या हवाली केलं. मी त्यांना पोचवायला वसमतच्या स्टँडवर गेले. पुण्याची बस लागलेली होती. खिडकीजवळची जागा मिळाली, मांडीवर लॅपटॉपची पिशवी, पायाशी हळदीच्या दोन पिशव्या. मी खिडकीखाली उभी. मला त्यांचा खरंच राग आला होता. एवढी गल्ली थांबवली, एवढी झुंज दिली, ती कशासाठी?

“बाई, तुम्ही जिंकलात ना? सुहास म्हणाला ना, राहा म्हणून. मग काहून चाललात?”

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच शहाऐंशीला अडकले होते.

“जिंकले म्हणून तर जाता येऊन राहिलं. हरले असते तर नेलं असतं मला.”

बस सुरू झाली. बाईंनी हात केला नाही, मागंही पाहिलं नाही. समोरच्या सीटचा दांडा धरून ताठ बसल्या होत्या, पहिल्यांदा शाळा तपासायला निघालेल्या नव्या साहेबासारख्या. स्टँडच्या फाटकाशी बस वळायला थांबली. माझा राग तिथंच कुठंतरी गेला, आणि त्या अजून मला दिसत असतानाच मला त्यांची आठवण यायला लागली.